नमुना समाधानकारक

सोहारमध्ये जुलै. बाहेर सत्तेचाळीस.
मी प्रयोगशाळेत स्वेटर घालून बसलेली.
रोवेना विचारते, ताप आहे का तुला?

ताप नाही. उलटं आहे.
आतली शेगडी कुणीतरी बारीक करत आणली,
वर्षभर, इतकी हळू
की वाटलं वय असेल, वाटलं एसी असेल.
न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता निघाला
तर म्हटलं, इथलं पाणीच तसं, समुद्राचं गोड केलेलं.
आई फोनवर म्हणाली, आवाज बसलाय, रडत होतीस?
नव्हते रडत.

डॉक्टर बुशरांनी मानेत सुई घातली.
गिळू नकोस, म्हणाल्या,
आणि त्याच क्षणी जगातलं सगळं गिळावंसं वाटलं.
पुस्तकांत या ग्रंथीला फुलपाखरू म्हणतात.
मी गुहागरची. मला ती उघडलेली तिसरी दिसते:
दोन शिंपा, मध्ये बिजागरी,
आत मऊ.

काच मीच रंगवली.
दुसऱ्या कुणाला देता आली असती,
पण चौदा वर्षं मी लोकांचे गळे वाचते,
आपला तेवढा का सोडायचा?

भिंगाखाली जांभळी गर्दी.
लिम्फोसाइट.
ओट्यावर मोहरी सांडावी तशा,
गोल, गडद, अंगभर नुसतं डोकंच.
अधूनमधून माझ्या पेशी, फुगलेल्या, गुलाबी, दाणेदार,
एकमेकींना धरून बसलेल्या,
आणि त्यांच्या अंगाला अंग लावून या,
कुठे कुठे तर आत शिरलेल्या.
काचेवर मारामारी कधी दिसत नाही.
सुईने उचललेला एक क्षण असतो,
त्यात नुसती जवळीक दिसते.
कुणाला वाटेल, विचारपूस चालली आहे.

छातीच्या हाडामागे त्यांची शाळा असते.
तिथे एकच विषय: आपलं कोण, परकं कोण.
आपल्यालाच चावणारीला तिथल्या तिथे संपवतात.
शंभरातल्या दोन-चारच बाहेर पडतात.
तरी एखादी निसटते,
रक्तात फिरत राहते, काही न करता, चाळीस वर्षं,
मग एक दिवस गळ्याशी थांबते
आणि ओळखीच्या माणसाला विचारते, तू कोण?
का, ते पुस्तकात नाही.
'कारणे अनेक' असं आहे.
रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा तेराशेच्या वर.
त्यापुढे आमचं यंत्र मोजत नाही.

मला ठाऊक आहे, आता तुम्ही काय म्हणाल.
परका मुलुख, रेसिडेंट कार्ड, तपासणी.
नका म्हणू.
फाटकावरच्या सालिमने चौदा वर्षांत
एकदाही कार्ड मागितलं नाही, हंगामात खजूर देतो.
कार्ड मात्र दर दोन वर्षांनी नवं होतं
आणि फोटोत मान दर वेळी थोडी जाड,
हे मला आत्ता, सगळी एका ओळीत मांडल्यावर कळलं.

अहवाल लिहिला.
नमुना समाधानकारक.
रुग्ण: हेमांगी पालशेतकर.
तपासनीस: हेमांगी पालशेतकर.
संगणकाने घेतला नाही. लाल पट्टीत अक्षरं आली:
रुग्ण व तपासनीस एकच व्यक्ती असू शकत नाही.

बराच वेळ मी त्या ओळीकडे बघत राहिले.
इतकी साधी अट.

मग पलीकडच्या टेबलावरून निलोफर आली, दाभोळची.
भिंगाला डोळा लावला, 'अगं बाय' म्हणाली,
माझं नाव खोडून तिथे तिचं घातलं.

आता पहाटे गोळी. तुरीच्या डाळीहून लहान, पांढरी,
अनशापोटी, आणि पुढे अर्धा तास चहा नाही.
तो अर्धा तास मी ओट्याशी उभी असते
गळ्यावर तळवा ठेवून.
आत कोण कुणाला काय विचारतंय, ऐकू येत नाही.
दूध बाहेर काढून ठेवलेलं असतं.
गॅस अजून पेटवायचा नसतो.